अळणी

रात्री साडेदहाला फिल्म बाहेर पडली संगणकातून,
चार मिनिटं अकरा सेकंदं,
आणि तिच्या अंगात रक्त नव्हतं.

आत असताना ठीक होती.
आत मुलीचा स्कार्फ बिटासारखा लाल,
विटांची भिंत उन्हाने तापलेली,
कोळशाच्या तळघरातला काळा असा
की हात घातला तर कोपरापर्यंत दिसेनासा व्हावा.
बाहेर आल्यावर तोच काळा
शेगडीतल्या कालच्या राखेसारखा,
स्कार्फ जणू दहा वर्षं गॅलरीत वाळत पडलेला,
सगळ्यावरून कुणी दुधाचा हात फिरवलेला.

तीन हजार बारा चित्रं. दोन हिवाळे.
महोत्सवाची खिडकी बाराला बंद होणार.

घाबरलेला माणूस करतो तेच मी केलं आधी:
वरून रंग चोपडला.
इथे जरा बरं दिसलं,
फोनवर पाहिलं तर मुलीला कावीळ
आणि स्कार्फ नुसता किंचाळतोय.
पुसलं. पुन्हा काढली. पुन्हा राख.

स्वयंपाकघरात बाबा सूप ढवळत होता,
या वेळी, कारण त्याला आता झोप तुकड्यातुकड्यानं येते.
"काय झालं गं बोग्ना?"
"रंग उडाले."
"सगळे?"
"सगळे सारखेच."
चमचा थांबला. "मग रंगाचा दोष नाही," तो म्हणाला,
"मीठ घातलं होतंस का?"

वूच म्हणजे होडी, आणि या गावाला दिसेल अशी नदी नाही.
होती ती जमिनीखाली गाडून टाकली.
बाबाच्या लहानपणी वाहायची म्हणे उघड्यावर,
गिरणीत ज्या दिवशी निळं कापड
त्या दिवशी नाल्यात निळं पाणी,
मुलं पैजा लावत उद्याच्या रंगावर.
पुढे त्याच गिरणीत चौतीस वर्षं, रंगखात्यात;
तिथे इरेकला विचारल्याशिवाय हौद कुणी उपसत नसे.

"रंग पाण्यात असतोच," तो सांगत होता,
"पण सुताला कळायला हवं की तो आपल्याला घ्यायचाय.
आधी मीठ, मग सोडा. विसरलास तर
पहिल्या धुण्याला सगळं गटारात.
रंग तोच असतो हं. वजन करून घातलेला."

मी तशीच उठून परत आले पडद्यापाशी.
रंग तोच.
मग सुताला काय कळलं नाही?

पावणेबाराला सापडलं.
फाइलनं काळ्याला शून्य म्हटलंच नव्हतं.
व्हिडिओच्या जुन्या रिवाजानं
तिचा काळा सोळावर बसतो
आणि पांढरा दोनशे पस्तीसवर,
वर-खाली थोडी जागा सोडून,
जुन्या घरातल्या माणसांनी उंबऱ्याला सोडावी तशी.
आणि हे सांगणारी चिठ्ठी तिच्यावर नव्हती.
दाखवणाऱ्यानं सोळाला सोळाच समजलं.
त्याचं तरी काय चुकलं?
एक खूण करायची राहिली होती,
एका चौकटीत, एवढीशी.

खूण केली. पुन्हा काढली.
फिरणाऱ्या वर्तुळाकडे बघत नखं खाल्ली.

"ये, बघ."
बाबा हात पुसत आला, खुर्ची ओढली,
डावा डोळा मिटून उजव्यानं पाहू लागला.
मुलगी तळघरात उतरली.
अंधार होता, खराखुरा, विहिरीइतका,
आणि त्यात स्कार्फ पेटला.

"आता काळा बसला," तो म्हणाला.
"आणि लाल?"
"लालाचं काय, काळा बसला की लाल येतोच."

अकरा सत्तावन्नला पाठवली.

नंतर सूप घेतलं दोघांनी.
बोलता बोलता त्यानं विचारलं,
स्कार्फ कुठल्या लालाचा, विटेच्या की बिटाच्या,
आणि मग मला आठवलं
की मोतीबिंदूचं ऑपरेशन नोव्हेंबरात आहे,
दोन्ही डोळ्यांचं, आधी उजवा,
आणि गेले आठ महिने तो दूध कुठलं नि ताक कुठलं
वास घेऊन ठरवतो.

मी म्हटलं, बिटाच्या.
तो म्हणाला, वाटलंच मला.

सुपात मीठ नव्हतं.
मी गुपचूप घातलं. त्याच्याही वाटीत.